दुपारी हवेचा दाब ४ हेक्टोपास्कलने उतरला, तर वादळ येतंय असं समजायचं का?

रत्नागिरी_किनारा
अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतंय अशी बातमी आहे. मोबाइलमधला दाबमापक सकाळी १० ला १००७ दाखवत होता, दुपारी ४ ला १००३. ही वादळाची चाहूल का? शिवाय पुण्यात भावाच्या मोबाइलवर त्याच वेळी ९४६ होता. एवढा कमी दाब, तरी तिथे काहीच नाही, हे कसं?

समदाबरेषा
पुण्याचं सोपं आहे. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच. दर ९ मीटरला दाब साधारण १ ने कमी होतो, म्हणजे ६० च्या आसपास फरक निव्वळ उंचीचा. हवामान नकाशावरचे आकडे समुद्रसपाटीवर आणून छापलेले असतात. मोबाइलचा आकडा कच्चा असतो. तिसऱ्या मजल्यावरून अंगणात आलात तरी तो १ ने वाढेल, तेव्हा नोंद नेहमी एकाच जागी घ्या.

तुमच्याकडची घसरण बहुधा रोजचीच आहे. आपल्या अक्षांशांत दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो: सकाळी आणि रात्री १० च्या सुमारास जास्त, पहाटे आणि दुपारी ४ च्या सुमारास कमी. सकाळी १० ते दुपारी ४ मध्ये ३-४ चा उतार अगदी नेहमीचा. म्हणून आजचे ४ वाजता कालच्या ४ वाजल्याशी ताडून पाहा, आजच्या सकाळशी नाही.

डेकवरचा
वरच्यात भर. जहाजांवरचा जुना नियम असा: रोजचा चढउतार वजा केल्यावर दाब त्या महिन्याच्या सरासरीपेक्षा ३ ने खाली असेल तर सावध व्हा, ५ ने खाली असेल तर वादळ जवळ आहे असंच धरून चाला. रोजची लय मोडून सकाळी १० चा चढ दिसेनासा झाला, तर ती खूण मोठी.

वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा: उत्तर गोलार्धात कमी दाबाचं केंद्र डाव्या हाताला, किंचित पुढे असतं. मात्र हे खुल्या समुद्रावर. किनाऱ्यावर दुपारचा खारा वारा आणि डोंगर दिशा बिघडवतात.

रत्नागिरी_किनारा
आभारी आहे. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’मध्ये केंद्रात ९८४ च्या आसपास दाब होता असं वाचलं. उत्तर अटलांटिकमधल्या हिवाळी वादळांत तर तो ९६० च्याही खाली जातो. मग ती जास्त भयंकर म्हणायची?

समदाबरेषा
नुसत्या आकड्यावरून ठरवू नका. वारा ठरतो तो दाब किती अंतरात किती बदलतो यावर. तिकडची वादळं हजार-दीड हजार किलोमीटर पसरतात, उतार लांबवर वाटला जातो. चक्रीवादळात सगळा उतार केंद्राभोवतीच्या काही दहा किलोमीटरांत एकवटतो, म्हणून ९८४ लाही झाडं आणि छपरं उडतात.

समुद्राची पातळी मात्र आकड्याने थेट चढते: १ हेक्टोपास्कलला साधारण १ सेंटिमीटर. ऑक्टोबर १९९९ च्या ओडिशातल्या महाचक्रीवादळात केंद्रातला दाब अंदाजे ९१२ होता. म्हणजे दाबामुळे पाणी साधारण १ मीटरच चढलं असेल. त्यावरचा सगळा मारा वाऱ्याने उथळ किनाऱ्यावर लोटलेल्या पाण्याचा. त्यात मोठी भरती त्याच वेळी आली तर पाणी आणखी आत शिरतं. त्यामुळे दाबाच्या नोंदीशेजारी भरतीची वेळही लिहीत जा.