विम की हीलिक्स? मराठी लिहिताना नॉर्मल मोडचे हाल, मदत हवी आहे

बरीच वर्षं विम हा कीबोर्डच्या कमांडवर चालणारा टेक्स्ट एडिटर वापरतोय. मध्ये निओविम या त्याच्याच नव्या अवतारावर गेलो, पण तिथे लिहिण्यापेक्षा इनिट डॉट लुआ ही सेटिंग्जची फाइल सजवण्यातच वेळ जायचा. म्हणून महिन्याभरापूर्वी हीलिक्स हा तशाच धाटणीचा दुसरा एडिटर घेतला. प्लगइनची भानगड नाही, सिंटॅक्सचे रंग आयते, लँग्वेज सर्व्हर (कोडमधल्या चुका आणि सूचना दाखवणारा प्रोग्राम) मशीनवर असला की आपणहून जोडला जातो. माझी सगळी सेटिंग्ज टॉमल फाइलीच्या दहा ओळींत मावली.

बोटं मात्र ऐकत नाहीत. शब्द उडवायला विममध्ये आधी डी, मग डब्ल्यू. इथे उलटं: डब्ल्यूने शब्द निवडायचा, तो उजळतो, मग डी. काय उडणार ते आधी दिसतं, हे मला पटलंय. तरी घाईत जुन्याच क्रमाने दाबतो, एक अक्षर उडतं आणि पुढचा शब्द नुसताच उजळून बसतो. असो, ही सवय मोडेल.

खरी अडचण मराठीची. इनस्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीने लिहितो. एस्केप दाबून नॉर्मल मोडला (जिथे प्रत्येक की म्हणजे कमांड) आलो तरी सिस्टिमचा कीबोर्ड मराठीच राहतो. खाली जायला 'जे' (j) दाबावं तर एडिटरला मिळतो 'र', वर जायला के तर 'क'. कर्सर ढिम्म. दर वेळी कीबोर्ड बदलून वैताग आलाय. विममध्ये लँगमॅप (मराठी अक्षरं कोणत्या इंग्रजी कीसारखी वागावीत ते सांगणारी सेटिंग) करून पाहिलं, पण काना-मात्रा त्या ओळीतल्या स्वल्पविरामांना चिकटतात आणि आपणच लिहिलेलं आपल्याला वाचता येत नाही. तुम्ही काय करता? हीलिक्समध्ये काही सोय आहे का?

प्रतिसाद १:
लँगमॅप सोडा, कीमॅप वापरा. विम, निओविम दोन्हींत आहे. सिस्टिमचा कीबोर्ड इंग्रजीच ठेवायचा. कीमॅप फोल्डरमध्ये एक फाइल करा: वर लोडकीमॅप, खाली दर ओळीत एक की आणि तिचं अक्षर. मग सेट कीमॅप करून फाइलीचं नाव द्या. इन्सर्टमध्ये (लिहिण्याच्या मोडमध्ये) कंट्रोल-सहा दाबलं की मराठी-इंग्रजी अदलाबदल. एस्केप केलंत की कमांड इंग्रजीत, परत इन्सर्टला गेलात की मराठी हजर. एफ दाबून 'ळ' शोधायचा असेल तरी चालतं. हीलिक्समध्ये याच्या तोडीचं काही नाही. तिथे टॉमलमध्ये नॉर्मल मोडखाली 'र', 'क' यांना एकेक कमांड नेमून द्यावी लागते.

मूळ धागाकर्ता:
जमलं! शिफ्टची अक्षरं भरायची राहिलीत, पण 'जे' दाबल्यावर कर्सर खाली गेला तेव्हा बरं वाटलं. आता मराठी विममध्ये, कोड हीलिक्समध्ये.

उपप्रश्न: विममध्ये 'स्त्री'वर एक्स (अक्षर खोडण्याची कमांड) दाबलं की फक्त 'स्' जातो, 'त्री' उरते. अख्खं जोडाक्षर एका फटक्यात काढता येतं का?