गेमिंग पीसी: दुकानातून तयार घ्यावा की सुटे भाग आणून घरी जोडावा?

वऱ्हाडी_एफपीएस

बजेट ९० हजार ते १ लाख, मॉनिटर सोडून. तो आहे, १०८०पी १४४ हर्ट्झचा. रोज वॅलोरंट (ऑनलाइन शूटिंग गेम) आणि अधूनमधून मोठे सिंगल प्लेअर गेम. गाव अकोला, म्हणजे मे महिन्यात ४४-४५ अंश धरूनच चाला.

एका दुकानाने तयार पीसीचं कोटेशन दिलंय, जसंच्या तसं टाकतोय:

आय५ १२वी जनरेशन / एच६१० बोर्ड / १६ जीबी रॅम / ५१२ जीबी एसएसडी / ८ जीबी ग्राफिक्स / ५०० वॅट एसएमपीएस / आरजीबी कॅबिनेट ४ फॅनसह / विंडोज ११ ॲक्टिवेटेड / १ वर्ष वॉरंटी

हे घ्यावं की भाग आणून घरी जोडावं? रॅम आणि एसएसडी बदलता येतात. प्रोसेसर कधी बसवलेला नाही.

एसएमपीएस_आधी

तयार की घरी, हे नंतर बघू. या कोटेशनमध्ये बोर्डाचा चिपसेट (एच६१०) सोडला तर कशाचंच धड नाव नाही, आणि बोर्डाचाही मेक लिहिलेला नाही. असा कागद म्हणजे "चारचाकी, पांढरी, एसी" असं लिहून गाडी विकण्यातला प्रकार.

सगळ्यात मोठं भोक "८ जीबी ग्राफिक्स"मध्ये आहे. २०१७ चं आरएक्स ५८० पण ८ जीबी आणि २०२५ चं आरटीएक्स ५०६० पण ८ जीबी. जीबी म्हणजे कार्डाची मेमरी, वेग नव्हे. ५८० च्या नावाने २०४८एसपी नावाचं कापलेलं मॉडेलही बाजारात फिरतं, आणि त्यातली बरीच कार्डं क्रिप्टो मायनिंगमधून निघालेली असतात. मॉडेल नंबर लिहून दिल्याशिवाय पुढे बोलूच नका.

आय५ १२वी म्हणजे बहुतेक इंटेलचा १२४००एफ. शेवटी एफ असेल तर प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतं, त्यामुळे कार्ड वॉरंटीला गेलं की ते परत येईपर्यंत पडदा काळा. शिवाय बॉक्स पीस आहे की ट्रे (बॉक्सशिवाय सुटा), हे विचारा. ट्रे पीसला कंपनीची थेट वॉरंटी नसते, दुकानदार देईल तेवढीच.

एच६१० वाईट नाही, पण तोकडा आहे. रॅमचे दोनच स्लॉट, आणि काही मॉडेलांत एम.२ (एसएसडीचा स्लॉट) फक्त जेन ३, म्हणजे जुन्या वेगाचा. एलजीए १७०० हे सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसरची जागा) १४व्या जनरेशनवर संपलं, म्हणजे चार वर्षांनी नवा प्रोसेसर घ्यायचा तर बोर्डही बदलावा लागणार.

१६ जीबी रॅम एका स्टिकमध्ये की ८ च्या दोन? एकच स्टिक असेल तर मेमरीची रुंदी निम्मी होते, आणि वॅलोरंटसारख्या प्रोसेसरवर चालणाऱ्या गेममध्ये एफपीएसचा (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांचा) तळ घसरतो. सरासरी बरी दिसते, पण ऐन मारामारीत झटके बसतात.

आता माझा आवडता विषय. एसएमपीएस म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. त्याच्यावर छापलेले ५०० वॅट विसरा, बाजूचं लेबल बघा. तिथे +१२व्ही च्या खाली अँपिअर लिहिलेले असतात. त्याला १२ ने गुणा. चांगल्या ५५० वॅटच्या युनिटला ४५ अँपिअरच्या आसपास दिसेल, म्हणजे ५४० वॅट. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या लोकल डब्यावर बाहेर ५०० लिहून आत २०-२२ अँपिअर निघतात. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टवरच जगतात, बाकीचे आकडे शोभेचे. ८० प्लस ब्राँझ हे कार्यक्षमतेचं प्रमाणपत्र आहे, संरक्षणाचं नाही. तेव्हा मॉडेलचं नाव घेऊन परीक्षण वाचा आणि वॉरंटी ५ वर्षांची शोधा.

"विंडोज ॲक्टिवेटेड" म्हणजे बिलावर लायसन्सची ओळ नसेल तर क्रॅक समजा. १ वर्ष वॉरंटी हा तर सरळ तोटा: प्रोसेसर, बोर्ड, कार्ड सुटे घेतले तर साधारण ३-३ वर्षं मिळतात, चांगल्या एसएसडीला ५.

तुमच्या कामाला मी असं मांडेन: रायझन ५ ७६०० (एएमडीचा प्रोसेसर) बॉक्स पीस, बी६५० चा एम-एटीएक्स (मध्यम आकाराचा) बोर्ड (वायफाय हवं असेल तर नावात वायफाय आहे का बघा, सगळ्यांत नसतं), डीडीआर५ ६००० च्या ८ जीबीच्या दोन स्टिक, १ टीबी जेन ४ एसएसडी, आरटीएक्स ५०६० किंवा भावात बसलं तर आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी, ५५० किंवा ६५० वॅटचा एसएमपीएस, जाळीच्या तोंडाचं कॅबिनेट. ५०६० ला १४५ वॅट आणि ७६०० ला फार तर ८८, बाकी सगळं मिळून ५० धरा. ५५० मध्ये आरामात बसतं. एकूण पैशांपैकी ३५ ते ४० टक्के कार्डावर जाऊ द्या. भाव दर आठवड्याला हलतायत म्हणून आकडे लिहीत नाही.

समोर काच आणि तिच्यामागे चार रंगीत पंखे, हे अकोल्यात नको. खोली १० अंशांनी तापली की आतलं सगळंही साधारण तेवढंच चढतं. ७६०० हा ९५ अंशांना पोचला की स्वतःच वेग कमी करतो.

थर्मल_पेस्ट

वरच्या यादीशी सहमत. जोडणीची भीती असेल तर लोक नेमके कुठे अडकतात तेवढं सांगतो, बाकी सगळं बोर्डाच्या पुस्तिकेत असतं.

एएम५ (७६०० चं सॉकेट) मध्ये पिना प्रोसेसरला नसून बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणासमोर ठेवायचा, वरून सोडायचा, दाबायचा नाही. दांडी खाली घेताना जोर लागतो आणि वरचं काळं प्लास्टिकचं झाकण टक्कन उडतं. तसंच असतं ते. झाकण जपून ठेवा, बोर्ड वॉरंटीला पाठवताना लागतं.

सोबतचा रेथ स्टेल्थ कूलर थेट स्क्रूवर बसतो. त्यासाठी बोर्डावरचे दोन प्लास्टिकचे ब्रॅकेट आधी काढायचे. आधीच्या एएम४ मध्ये ते काढले की मागची पट्टी खाली पडायची, एएम५ मध्ये सॉकेटच तिला धरून ठेवतं. पेस्ट कूलरला लावूनच येते, वरून अजून लावू नका. चारही स्क्रू तिरपे-तिरपे, प्रत्येकी दोन-दोन आटे देत आवळा. एक बाजू आधी गच्च केली तर दुसरीकडे फट राहते आणि तापमान पहिल्या मिनिटालाच चढतं.

रॅम दोन स्टिक असतील आणि स्लॉट चार, तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. नंतर आणखी दोन घालू असा विचार करू नका, या प्रोसेसरला चार स्टिकवर एएमडीची अधिकृत मर्यादा ३६०० पर्यंत उतरते.

बोर्ड बसवण्याआधी कॅबिनेटमधले पितळी खुंटे मोजा. बोर्डाला भोक नाही तिथे खुंटा राहिला तर मागून शॉर्ट. आयओ शील्ड (मागच्या पोर्टांभोवतीची पत्र्याची पट्टी) सुटी असेल तर ती बोर्डाच्या आधी. प्रोसेसरची ८ पिनची वायर ४+४ अशी फुटते, कार्डाची ६+२ अशी. एकमेकांच्या जागी जात नाहीत, जात असतील तर जोर लावताय. जुन्या एसएमपीएसच्या सुट्या वायरी नव्याला कधीच लावू नका: टोक तेच दिसतं, पण एसएमपीएसकडच्या पिनांचा क्रम वेगळा असू शकतो आणि डिस्क जळतात.

आता जिथे निम्मे लोक घाबरतात ते. पहिल्यांदा चालू केल्यावर पंखे फिरतात, पडदा काळा, बोर्डावर डीआरएएमचा (रॅमचा) दिवा पेटलेला. डीडीआर५ मेमरीचं ट्रेनिंग चालू असतं, काही मिनिटं लागतात. मध्येच बंद केलंत तर पुन्हा पहिल्यापासून. १५ मिनिटांनीही काही नाही, तर एक स्टिक काढून बघा. मॉनिटरची केबल बोर्डाला न लावता कार्डाला लावलीय ना, हेही.

पडदा आला की बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) एक्स्पो चालू करा, ती रॅमला छापील वेगावर नेते, नाहीतर ६००० ची रॅम बहुधा ४८०० वरच चालत राहते. वॅलोरंटला विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या बायोसमधल्या दोन्ही सुरक्षा सेटिंग लागतात. सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करण्याची सोय) बंद, डिस्क जीपीटी पद्धतीची. हे विंडोज टाकण्याआधी केलं की पुढचा वैताग वाचतो. इन्स्टॉल करताना नेटवर्क सापडलं नाही तर फोन यूएसबीने जोडून टेदरिंग करा. शेवटी डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १४४ हर्ट्झ निवडा. बऱ्याचदा ते ६० वरच राहिलेलं असतं.

पहिल्या वेळी चार-पाच तास धरा.

लॅमिंग्टन_लोकल

थोडं उलट बोलतो. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे चढलेत की जुन्या स्टॉकमधला तयार पीसी कधीकधी सुट्या भागांपेक्षा स्वस्त पडतो. तेव्हा "तयार म्हणजे महाग" हे डोळे मिटून धरू नका. तयार पीसीतल्या प्रत्येक भागाचं नाव मागा, त्याच भागांची सुटी बेरीज करा, फरक ३-४ हजारांचा असेल तर तयार घ्या.

मोठ्या ब्रँडच्या टॉवरचा फायदा म्हणजे माणूस घरी येतो, पण आधी आतला फोटो बघा. काहींमध्ये बोर्डाला नेहमीची २४ पिनची वीजजोडणी नसते, एसएमपीएसचा आकारही वेगळाच. पुढे मोठं कार्ड घ्यायचं ठरलं की कॅबिनेट सोडून सगळं बदलायची वेळ येते, आणि कधीकधी कॅबिनेटही.

मधला रस्ता आहेच. भाग तुमच्या यादीचे, जोडणी दुकानात, समोर बसून. अट एकच: जीएसटी बिलावर प्रत्येक भाग वेगळ्या ओळीत, सीरियल नंबरसह, आणि सगळे रिकामे बॉक्स तुमच्या ताब्यात. नुसतं "असेंबल्ड पीसी १ नग" असं बिल घेतलंत तर वॉरंटीसाठी कायम त्याच दुकानाच्या दारात.

कुरियरने मागवलात तर चालू करण्याआधी काचेचं झाकण उघडा. आत फोमची पिशवी असेल तर ती काढा, कार्ड स्लॉटमध्ये नीट बसलंय का हाताने तपासा, उघडताना व्हिडिओ करा. मग क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकट सॉफ्टवेअरमध्ये एसएसडीचे वापरलेले तास बघा. नव्या मशीनला ते दहा-वीसच्या आत हवेत, हजारात नव्हे.

वऱ्हाडी_एफपीएस

खूप मदत झाली. घरात इन्व्हर्टर आहे, त्यावर चालेल का? की वेगळा यूपीएस घेऊ?

एसएमपीएस_आधी

गेम चालू असताना हा पीसी मॉनिटर धरून ३३० वॅटपर्यंत ओढेल. बाजारातला ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटचा असतो, म्हणजे अगदी काठावर; एका झटक्यात बीप करून बसेल. १००० किंवा ११०० व्हीए घ्या, खेळ सेव्ह करून बंद करायला ५-७ मिनिटं मिळाली तरी पुष्कळ. इन्व्हर्टर साइन वेव्ह असेल आणि मागचं बटण यूपीएस मोडवर असेल तर त्यावरही चालतं. चांगला एसएमपीएस वीज गेल्यावर सुमारे १६ मिलिसेकंद तग धरतो, इन्व्हर्टरवर जाण्याचा बदल त्याच्या आत व्हायला हवा.

त्याआधी अर्थिंग बघा. कॅबिनेटच्या उघड्या स्क्रूला बोट लागल्यावर झिणझिण्या आल्या तर अर्थिंग नाही. एसएमपीएसमधला फिल्टर थोडा करंट बॉडीवर सोडतो आणि त्याला जायला वाट नसते. इलेक्ट्रिशियनकडून फेज-अर्थ मोजून घ्या, २३० च्या आसपास यायला हवं.

वऱ्हाडी_एफपीएस

दुकानदाराला मॉडेल नंबर विचारले. कार्ड आरएक्स ५८० २०४८एसपी. एसएमपीएसच्या लेबलचा फोटो पाठवलाय त्याने, +१२व्ही ला १८ अँपिअर.

एसएमपीएस_आधी

१८ गुणिले १२, २१६ वॅट. डेस्कटॉप दिसेल, गाणी वाजतील. गेम लावला की बंद.

वऱ्हाडी_एफपीएस

यादी छापून घेतली. शनिवारी सुटे भाग विचारायला जातोय.