‘ब्लिट्झ’ आमच्या खेड्यात कोण वाचत असे?

प्रश्न (दारव्हा तालुका) :
आजोबांच्या लाकडी पेटीत, कापूसविक्रीच्या पावत्यांखाली, ‘ब्लिट्झ’चे दोन अंक सापडले. कागद घड्यांवर विरला आहे आणि शेवटच्या पानाच्या कडेला त्यांनी शाईने टिपा केल्या आहेत. मुंबईचे हे साप्ताहिक इकडे कुणासाठी येत असावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (आर्णी) :
रुसी करंजिया यांनी ते फेब्रुवारी १९४१ मध्ये सुरू केले. १९५९ च्या नानावटी खून खटल्यात या साप्ताहिकाने आरोपी नौदल अधिकाऱ्याची बाजू इतक्या हिरिरीने लावून धरली, की २५ पैशांचा अंक दोन रुपयांना विकला जाऊ लागला. ज्यूरीने निर्दोष ठरवलेल्या नानावटींना उच्च न्यायालयाने मात्र दोषी ठरवले. खटला चालू असताना अशी मोहीम चालवणे मला आजही अयोग्य वाटते.

उत्तर (निवृत्त शिक्षक, घाटंजी) :
बाळा, इंग्रजीबरोबर हिंदी, उर्दू आणि मराठी आवृत्त्याही निघत, त्यामुळे वाचक केवळ इंग्रजी शिकलेला नव्हता. आमच्याकडे एसटीने एकच अंक यायचा. पारावर एक जण मोठ्याने वाचत असे आणि दहा जण ऐकत असत, म्हणून खपावरून खरा वाचकवर्ग कळणार नाही. शेवटच्या पानावरचे सदर पत्रकार आणि चित्रपटकार ख्वाजा अहमद अब्बास लिहीत. आजोबांनी नेमके तेच पान निवडले, हे वाचून फार बरे वाटले.

प्रश्नकर्ता :
काका, मनापासून आभार. अंक हिंदी आहेत, टिपा मराठीत; एके ठिकाणी फक्त ‘आणि कापसाचा भाव?’ असे लिहिले आहे.