गुणोत्तराची शाब्दिक उदाहरणे: चौकटी काढल्या, पण पुढे काय?

प्रश्न
माझी मुलगी आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करत आहे. गुणोत्तरातील प्रत्येक भागासाठी ती एक चौकट काढते आणि एकूण रक्कम दिलेली असल्यास उत्तर बिनचूक आणते. मात्र ‘अ व ब यांच्याकडील रकमांचे गुणोत्तर ५ : ३ आहे, अ ने ब ला ४० रुपये दिल्यावर दोघांच्या रकमा समान होतात, तर सुरुवातीच्या रकमा काढा’ या उदाहरणात, अ कडे दोन चौकटी जास्त आहेत म्हणून दोन चौकटी म्हणजेच ४० रुपये, असे ती धरते. हे तिला आकृतीवरूनच कसे पटवून द्यावे?

प्रतिसाद १
डाव्या कडा जुळवून दोन पट्ट्या एकाखाली एक काढायला सांगा आणि जास्तीच्या दोन्ही चौकटी तिलाच ब कडे सरकवू द्या. आता ब कडे पाच आणि अ कडे तीन, म्हणजे गुणोत्तर नुसते उलटे झाले! एकच चौकट सरकवली तर दोघांकडे चार-चार होतात. म्हणून एक चौकट ४० रुपयांची आणि रकमा २०० व १२०.

प्रतिसाद २
आकृती काढण्याआधी ‘काय बदलले नाही?’ हे विचारण्याची सवय लावावी, असे मला वाटते. वरील उदाहरणात एकूण रक्कम बदललेली नाही. दूध व पाणी ४ : १ असलेल्या मिश्रणात ६ लिटर पाणी घातल्यावर गुणोत्तर २ : १ होत असेल, तर दूध तेवढेच राहते, म्हणून २ : १ हे ४ : २ असे लिहून दुधाच्या चौकटी सारख्या केल्या की पाण्याची वाढलेली एक चौकट ६ लिटरची आणि दूध २४ लिटर, हे उघड दिसते. वयांच्या उदाहरणांत फरक कायम राहतो. आज १ : ३ आणि १० वर्षांनी १ : २ असल्यास दुसरे गुणोत्तर २ : ४ करावे, म्हणजे फरक दोन्ही वेळा दोन चौकटींचा राहतो आणि प्रत्येकाची वाढलेली एक चौकट १० वर्षांची ठरते; आजची वये १० व ३० येतात. सिंगापूरच्या प्राथमिक शाळांत १९८० च्या दशकापासून अशाच पट्ट्यांवर भर दिला जातो.

प्रतिसाद ३
सहमत, परंतु उत्पन्नांचे एक गुणोत्तर, खर्चांचे दुसरे आणि शिल्लक दोघांची वेगवेगळी असेल, तर दोन मापांच्या चौकटी काढाव्या लागतात आणि आकृतीचा गुंता होतो. तेथे क्ष आणि य मानणेच सोयीचे. दोन चलांतील रेषीय समीकरणे नववीत येतातच, तोवर अशी उदाहरणे बाजूला ठेवली तरी चालतील.