विकायच्या आधी घर आवरा
कंपनी विकायची तर तीन वर्षांचे ऑडिटेड ताळेबंद स्वच्छ असले की पुरे, असं म्हणतात. अर्धंच खरं. आमचा अंबरनाथचा कारखाना विकायला काढला तेव्हा फोर्टमधल्या ऑफिसात खरेदीसाठी आलेल्या एका गुंतवणूक फंडाच्या सीएने पहिल्याच दिवशी विचारलं, "सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाशी झालेला रेट करार दाखवा." करार कसला, कारखाना चालवणाऱ्या काकांच्या फोनमधला व्हॉट्सअ‍ॅप मेसेज होता! एकूण विक्रीतला चाळीस टक्के माल त्या एका मेसेजवर जात होता.

दुसरं, एबिटडा, म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा. लोणावळ्याच्या बंगल्याचं वीजबिल कंपनीच्या खर्चातून काढून दाखवलं की नफा वाढतो, हे सगळ्यांना कळतं. कंपनीला एबिटडाच्या सहापट भाव मिळाला तर दहा लाखांचे साठ होतात. पण काका पगारच घेत नव्हते. खरेदीदाराने त्या खुर्चीवर बसणाऱ्या मॅनेजरचा बाजारभावाचा पगार वजा केला आणि सगळं बरोबरीत आलं.

आणि प्लॉट एमआयडीसीचा असेल तर तो लीजवर असतो, हस्तांतराला महामंडळाची परवानगी आणि शुल्क लागतं. त्याची फाइल आधी उघडा. आमच्या शेडचा वाढीव भाग मंजूर नकाशात नव्हताच, तेवढ्यात चार महिने गेले.