विश्वासाने टाकलेलं पाऊल : सोलापूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

सर्वांना सलाम.

आमच्या घरच्या प्रार्थनेत याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय चालला होता. उघड्या-उपाशी भावाला 'ऊब घे, पोटभर जेव' म्हणून नुसतंच वाटेला लावलं, तर त्या विश्वासाचा उपयोग काय, हा याकोबाचा प्रश्न. अब्राहामाच्या जोडीला तो यरीहोच्या राहाबेचं नाव घेतो. तिने इस्राएलच्या हेरांना घरात लपवलं. सापडली असती तर जीव गेला असता. मग साक्षी, म्हणजे देवाने काय केलं ते अनुभव, सुरू झाल्या, आणि बहुतेक 'मागितलं, मिळालं' याच वळणाच्या. नोकरी लागली, प्लॉट झाला. आनंदच आहे, पण मला त्याआधीचं ऐकायचंय. पुण्याला जाताना गाडीतून केडगाव लागतं, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं गाव. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या, तेव्हा त्यांच्या जेवणाची सोय आधी झाली नव्हती. तसं काही तुमच्या हातून झालंय का? नाव नको, भाग आणि काम लिहा. पाळकसाहेब, तुम्हीही लिहा, पण अनुभव. प्रवचन रविवारी ऐकतोच.

विडी कामगार, कुंभारी

मला लिवता येत नाही, नात लिहून देतीया. विडीची मजुरी हजारावर असती. पानं खराब निघाली तर आपल्या पैशानं पान आणून हजार भरावा लागतो, छाट झालेली विडी मोजत नाहीत. म्हणून सुट्टीच्या दिवशी बी सगळ्या बाया घरी पानं कापत बसतात. मी बी बसायची, चर्च बुडवून. थोरलीची फी भरायची होती त्याच वर्षी मी ठरवलं, रविवारी कात्रीला हात लावायचा नाही. शेजारीण म्हणली, देव काय फी भरणार हाय का? खरंच वो, नाही भरली. दुकानात उधारी झाली, कानातलं गहाण पडलं. पुरलं असं म्हणाय येत नाही. पण रविवारी पोरी माझ्याजवळ बसाय लागल्या, बोलाय लागल्या. थोरली कशाला रडत होती ते मला तवा कळलं. ते इथं सांगत नाही.

हिशेबनीस, अक्कलकोट रोड एमआयडीसी

टॉवेलच्या एका कारखान्यात होतो. जीएसटी आल्यानंतरची गोष्ट. माल न हलता बिलं फाडायची, असं मालकाचं म्हणणं. त्यांना सांगितलं, माझ्या हाताने होणार नाही. ते ओरडले नाहीत, चहा पाजला आणि पुढच्या महिन्यापासून येऊ नका म्हणाले. आता यापेक्षा चांगली नोकरी मिळाली असं लिहिलं तर साक्ष छान होईल, पण पगार आजही तेव्हापेक्षा कमीच आहे. घरी बसलो त्या काळात दानिएलाच्या तिसऱ्या अध्यायातलं एक वाक्य धरून राहिलो. देव आम्हाला भट्टीतून सोडवील, 'आणि नाही सोडवलं तरी' तुझ्या मूर्तीला नमणार नाही, असं शद्रख, मेशख आणि अबेदनगो हे तिघे भट्टीत टाकायची धमकी देणाऱ्या राजाला सांगतात. आपल्या साक्षींतून हे 'नाही सोडवलं तरी' गळून का जातं?

घरमालक, जुळे सोलापूर

उन्हाळ्यात आमच्याकडे नळ किती दिवसांनी येतो ते काय सांगायचं. भाडेकरूंच्या घरी बाळंतीण होती, दुष्काळात शेवटचं पीठ आणि तेल एलीया संदेष्ट्यासाठी वापरणारी सारफथची विधवा आठवली, टाकी खुली केली. तिचं मडकं रिकामं झालं नाही. माझी टाकी झाली. टँकर मागवला, बायको अजून टोमणे मारते.

परिचारिका, सात रस्ता

हिशेबनीसभाऊंशी सहमत, पण दुसरी बाजूही लिहिते. प्रार्थनासभेत 'बरा झालास' ऐकून इन्सुलिन बंद केलेला मुलगा आमच्या वॉर्डात आला होता. टाइप १ मधुमेह, म्हणजे शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. ते थांबलं की रक्तात आम्ल साठतं, धाप लागते, माणूस बेशुद्ध होतो. आई म्हणत होती, आम्ही विश्वास दाखवला. ती रागावण्याची वेळ नव्हती. हिज्कीया राजाला बरं करण्याचं वचन देवाने दिलं, तरी यशयाने गळवावर अंजिराचा लेप लावायला सांगितलाच की! सलाईन लावताना मी मनात प्रार्थना करते. तोही विश्वासच आहे, असं मी मानते. मुलगा वाचला.

शिक्षक, मूळचा बार्शीकडचा

माझा अनुभव अर्धाच आहे. जमिनीच्या वाटणीत पुतण्या लोटाला आधी निवडू देणारा अब्राहाम मुलांना दरवर्षी शिकवतो. धाकट्या भावाशी वाद झाला तेव्हा तोच आडवा आला. दावा मागे घेतला, 'तू आधी निवड' म्हणालो. त्याने अर्थातच विहिरीकडची बाजू घेतली. बोलणं अजून सुरू नाही. वकील मित्र मला मूर्ख म्हणतो, आणि काही रात्री त्याचं पटतंही.

कुंभारीहून पुन्हा (नात लिहितेय)

परिचारिकाताई, आजीलाही साखर आहे. उपास-प्रार्थनेच्या दिवशी ती गोळी घेत नाही. विचारतेय, हे विश्वासात बसतं का?

परिचारिका, सात रस्ता

मावशी, गोळी आपल्या मनाने बंद करू नका. उपाशीपोटी काही गोळ्यांनी साखर एकदम खालीही जाते, म्हणून पुढच्या उपासाआधी डॉक्टरांना गोळ्यांचं पाकीट दाखवा. नातीला सोबत न्या.