पाणवठ्यावरची प्रयोगशाळा : विज्ञानाच्या प्राध्यापकांसाठी अनुभव धागा

धागाकर्ती
वर्ग, विद्यापीठाची कामे आणि गाव, तिन्ही निभवायचे तर पिण्याच्या पाण्याची तपासणी हे विज्ञानाच्या प्राध्यापकाच्या सगळ्यात हाताशी असलेले काम. उपकरणे विभागात असतात, रासेयोचे (राष्ट्रीय सेवा योजनेचे) दत्तक गाव असते. वर्षानुवर्षे हे करणाऱ्यांनी पद्धत लिहा. किती मिली, किती वेळ, कुठे फसते, ते हवे.

चंचुपात्र
नमुना चुकला की पुढची मेहनत वाया. हापसा आधी चार-पाच मिनिटे मारायचा, पाइपात साचलेले पाणी जाऊ द्यायचे. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून मगच भरायची. क्रमांक बाटलीवर लिहा, झाकणावर नको. वीस बाटल्यांच्या खोक्यात झाकणे बदलतातच.

काठिण्यासाठी (पाण्याच्या जडपणासाठी) ५० मिली पाणी, १ मिली अमोनिया बफर, रंगासाठी चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी, आणि ब्युरेटमधून (खुणांच्या काचनळीतून) थेंबथेंब ०.०१ मोलर ईडीटीए. लालसर रंग स्वच्छ निळा झाला की थांबा. ब्युरेटचे वाचन गुणिले २०, म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानक १०५०० प्रमाणे २०० पर्यंत उत्तम, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. रंग जांभळ्यातच रेंगाळत असेल तर आधी बफरचा वास घ्या. झाकण सैल राहिले की अमोनिया उडतो, पीएच १० च्या खाली घसरतो. वास नाकात झोंबत नसेल तर बफर नवा करा.

पेट्रीडिश
विसळण्याचा नियम जंतूंच्या नमुन्याला लावू नका! त्या निर्जंतुक बाटलीत सोडियम थायोसल्फेट असते, ते पाण्यातले क्लोरीन निष्प्रभ करते. विसळले की ते गेले. मग वाटेत क्लोरीन जंतू मारत राहते आणि घाण पाणी कागदावर शुद्ध ठरते. बाटली बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो सहा तासांत प्रयोगशाळेत आणा.

रासेयोवाले सर
विहीर शुद्धीकरण विद्यार्थ्यांना हिशेबासकट शिकवा. व्यास ४ मीटर, पाणी ३ मीटर खोल : ०.७८५ × ४ × ४ × ३ = ३७.६८ घनमीटर, म्हणजे साधारण ३७,७०० लिटर. टीसीएल (ब्लीचिंग) पावडरीत ३३ टक्के क्लोरीन असेल तर हजार लिटरला ५ ग्रॅम धरून १९० ग्रॅम लागते.

प्लॅस्टिकच्या बादलीत पावडर थोड्या पाण्यात कालवून गुठळ्या मोडा. मग पाऊण बादली पाणी घालून ढवळा आणि दहा मिनिटे निवळू द्या. वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओतून ती दोराने विहिरीत सोडायची आणि पाण्याखाली वरखाली हिसडे द्यायचे. तळाचा चुन्याचा गाळ विहिरीत नको. तासभर कुणी पाणी उपसू नये, म्हणून हे काम रात्री बरे. मग ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणी : पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरायला हवे.

बहुतेक ठिकाणी फसते ते पावडरीत. ग्रामपंचायतीत गोणी उघडी पडलेली असते, ओलीने क्लोरीन निघून जाते, उरतो चुना. मात्रा बरोबर टाकूनही ओटी पांढरीच! आमच्यासारख्यांचा खरा उपयोग इथे आहे. गोणीतला नमुना आणून आयोडीन-थायोसल्फेटने टक्केवारी काढा आणि मात्रा बदलून द्या. २२ टक्के निघाले तर ५ ऐवजी ७.५ ग्रॅम.

पांढरकवडा रोड
यवतमाळ-चंद्रपूरकडे फ्लोराइड आधी पाहा. नमुना काचेच्या बाटलीत घेऊ नका, प्लॅस्टिकची वापरा. लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत चांगले, १.५ ही शेवटची मर्यादा. शेजारच्या दोन हापशांचे आकडे वेगळे येतात, म्हणून गावाची सरासरी काढू नका, प्रत्येक हापशाचा आकडा वेगळा द्या. पाणी उकळायला तर मुळीच सांगू नका. पाणी आटते, फ्लोराइड तेवढेच राहते.

अभ्यास मंडळ
अडचण वेळेची आहे. तपासणी पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा हवी, आणि नेमक्या उन्हाळ्यातच परीक्षा व पेपर तपासणी. वाटणी अशी करता येते : फ्लोराइडचा नमुना प्लॅस्टिकच्या बाटलीत २८ दिवस टिकतो, तो पेपर संपल्यावर तपासायला घ्या. नायट्रेट ४ अंशांवर ४८ तासच, जंतूंचे त्याच दिवशी. दोन श्रेयांकांच्या क्षेत्र प्रकल्पात हे काम बसवले की ६० तास अधिकृत मिळतात, मुलांनाही गुण मिळतात.

चंचुपात्र
एक राहिले. महाविद्यालयाचा अहवाल कायदेशीर दाखला नसतो. आकडा वाईट आला तर भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेतून खात्री करून घ्या, आणि तोवर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) तोंडी सांगून ठेवा. गावाला द्यायचा कागद एका पानाचा, मराठीत : ‘शाळेमागचा हापसा : पिऊ नये, धुण्याभांड्याला चालेल.’ १ मे किंवा १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तो वाचून दाखवा. बायाबापड्या हापशावर येतात, सूचना फलकाशी नाही. म्हणून हापशाच्या दांड्याला लाल रंग त्याच आठवड्यात लावून घ्या.